मदत हवी आहे: थारच्या मड टेरेन टायरचा आवाज आणि दणके

नमस्कार मंडळी. ताम्हिणीकडच्या शेताचा चिखलाचा रस्ता बघून गेल्या पावसाळ्यात थारला मड टेरेन टायर, म्हणजे चिखलासाठीचे मोठ्या रबरी ठोकळ्यांचे टायर घातले, साइझ 255/65 आर 18. चिखलात गाडी सुरेख चालते. पण कोल्हापूर हायवेवर 70 च्या पुढे भुंग्यासारखी घूंऽऽ सुरू होते, आणि साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) इतकी कडक की मागे बसलेल्या आईची कंबर धरते. हवा 35 वरून 31 केली. दणके जरा कमी झाले, आवाज तसाच. ठोकळ्यांवरून हात फिरवला तर एका बाजूची कड धारदार लागते. टायर रोटेशन (टायरांच्या जागांची अदलाबदल) केल्यावर हा आवाज उतरतो का? की सरळ ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) घ्यावेत, तेही साध्या साइडवॉलचे? वर्षातले दोन-तीन महिनेच चिखल, बाकी सगळं डांबर. थारवर दोन्ही वापरलेल्यांनी कृपया सांगा, दिवाळीला आईला गावी न्यायचंय.