मदत हवी आहे: मांडणीवर दिव्याखाली लावलेली मिरचीची रोपे लांबताहेत आणि माना टाकताहेत (कोल्हापूर)

गच्चीकरवीर

नमस्कार मंडळी. पावसामुळे गच्चीवर काही टिकत नाही म्हणून मिरचीची रोपे घरातच करायला घेतली आहेत. माहिती सगळी एकदमच देतो.

जागा: आतली खोली, लोखंडी मांडणीचा २ × २ फुटांचा कप्पा. त्यात ९८ खळग्यांचे दोन प्रो-ट्रे. वर ४ फुटी २० वॅटची एकच एलईडी पट्टी, ट्रेपासून दीड फूट उंच, रोज १२ तास.
माध्यम: कोकोपीटची वीट बादलीत भिजवून त्यात निम्मे गांडूळखत.
बी: एका ट्रेमध्ये पुसा ज्वालाचे पाकीट, दुसऱ्यात घरच्या वाळक्या संकेश्वरीचे बी. संकरित काही नाही. खळग्यात दोन-दोन बिया.
पाणी: रोज सकाळी झारीने. उगवण झाली तरी वर प्लॅस्टिकचा कागद ठेवला आहे, ओल टिकावी म्हणून.

पेरून दोन आठवडे झाले. ज्वाला बरी उगवली, पण रोपे दोऱ्यासारखी लांब. रोज पाच-सहा रोपे मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात. संकेश्वरी निम्मीसुद्धा उगवलेली नाही. वरच्या थरावर हिरवट शेवाळ आणि बारीक काळ्या माश्या. खत कमी पडतंय का? १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाश सारखे असलेले विद्राव्य खत) द्यायचे का? आणि झाडे कायम घरात ठेवून मिरच्या मिळतील का?

रोपवाटिका_हातकणंगले

खताला अजिबात हात लावू नका. निम्मे गांडूळखत म्हणजे दोन पानांच्या रोपाला आधीच जास्त झाले.

सगळ्यात आधी तो प्लॅस्टिकचा कागद काढा, आत्ताच. कागद फक्त बी वर येईपर्यंत ठेवायचा. निम्म्या खळग्यांत हिरवे टोक दिसले की त्याच दिवशी तो गेला पाहिजे. जुलैत कोल्हापूरच्या हवेत आधीच इतकी ओल असते की वरून झाकल्यावर ट्रेमध्ये पाणी सुकतच नाही. मातीलगत खोड पाणचट होऊन दोऱ्यासारखे बारीक होणे आणि रोप आडवे पडणे, ही रोपांची मर. पिथियम, रायझोक्टोनिया असल्या बुरशा हे करतात. त्यांना तीन गोष्टी लागतात: सतत ओले माध्यम, दाटी आणि कोंडलेली हवा. तुमच्याकडे तिन्ही आहेत.

पडलेली रोपे खळग्यातल्या मातीसकट काढून कचऱ्यात टाका, ती माती परत वापरायची नाही. उरलेल्यांना कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचे बुरशीनाशक) लिटरला २.५ ग्रॅम, मुळाशी, खळग्याला साधारण १० मिली. हातमोजे घालून, आणि स्वयंपाकघरातले माप वापरू नका. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) त्याच्याबरोबर मिसळायचे नाही, तांब्याने तेही मरते. पुढच्या पेरणीला मात्र ट्रायकोडर्माच वापरा: पेरणीआधी माध्यमात लिटरला ५ ग्रॅम. मर सुरू झाल्यावर त्याचा फार उपयोग होत नाही, ती आधीची राखण आहे.

पाणी वरून बंद. परातीत दोन सेंमी पाणी घेऊन ट्रे १५ मिनिटे त्यात ठेवायचा, मग उचलून पूर्ण निथळू द्यायचा. पुन्हा पाणी कधी द्यायचे ते घड्याळ बघून ठरवू नका, ट्रे उचलून वजन बघा. हलका लागला आणि वरचा थर फिकट दिसला की द्या. या हवेत दोन-तीन दिवसांनी एकदा पुरते. शेतात वाफसा म्हणतो, ना चिखल ना कोरडे, तेच इथे हवे. काळ्या माश्यांच्या अळ्या ओल्या वरच्या थरातच वाढतात आणि कोवळी मुळे खातात. थर सुकला की निम्म्या तिथेच संपतात. उडणाऱ्यांसाठी पिवळा चिकट सापळा ट्रेलगत आडवा ठेवा.

लक्स_आणि_वॅट

वरचे सगळे बरोबर. पण रोपे लांबण्याचे कारण पाणी नाही, उजेड आहे.

२० वॅटची पट्टी साधारण २००० ल्यूमेन देते (ल्यूमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड, लक्स म्हणजे त्यातला जागेवर किती दाट पडतो ते). दीड फुटावर ट्रेवर पडतात जेमतेम १७००–१८०० लक्स. शिवाय पट्टी ४ फुटी आणि कप्पा २ फुटी, म्हणजे निम्मा उजेड भिंतीला. मिरचीच्या रोपाला १२ ते १४ हजार लक्स लागतात, तेही १६ तास. मोबाइलवर लक्स मोजणारे ॲप घ्या, फोन पानांच्या उंचीवर उताणा ठेवून बघा. आकडा तंतोतंत नसतो, पण दोन हजार आणि बारा हजार यातला फरक नक्की कळतो.

आजचा उपाय: तीच पट्टी पानांपासून १५ सेंमीवर आणा. तिच्या बरोबर खाली पाच हजारांच्या पुढे जाईल. कायमचा उपाय: २ फुटी १० वॅटच्या सहा पट्ट्या, १० सेंमी अंतराने, ६५०० केल्विनच्या (थंड पांढऱ्या उजेडाच्या). कप्प्याच्या तिन्ही बाजूंना पांढरा पुठ्ठा. मधल्या भागात बारा हजार मिळतात, कडेला कमी, म्हणून ट्रे दर दोन दिवसांनी फिरवायचा. जांभळ्या उजेडाचे 'ग्रो लाइट' घेऊ नका. त्यात पान पिवळे पडलेय की हिरवे आहे तेच कळत नाही, आणि पेटीवर लिहिलेले वॅट बहुधा खरे नसतात.

खर्च: ६० वॅट × १६ तास म्हणजे रोज एक युनिटला थोडे कमी, महिन्याला २९ युनिट. बिल १०० युनिटांच्या आसपास असेल तर वरच्या टप्प्यात जाल, तेवढे बघा.

टायमर चाकाचा घेतला तर वीज गेल्यावर चाकही थांबते, आणि दिवसरात्र पुढे सरकत जातात. आठवड्यातून एकदा वेळ जुळवा, नाहीतर बॅटरीवाला डिजिटल घ्या. प्लग बोर्ड ट्रेच्या वर बसवा, आणि वायरीला बोर्डाआधी खाली झोळ द्या म्हणजे ओघळलेले पाणी बोर्डात न शिरता झोळावरून गळेल. लोखंडी मांडणी आहे, अर्थिंग तपासून घ्याच.

पंखा: कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा जुन्या राउटरच्या अडॅप्टरवर चालतो. पाने नुसती थरथरली पाहिजेत. खोडही याने जाड होते.

गच्चीकरवीर

कागद काढला, पट्टी खाली आणली. लांबलेली रोपे खोल लावून वाचतील का? टोमॅटोची लावतात तशी? आणि संकेश्वरीचे काय?

रोपवाटिका_हातकणंगले

टोमॅटोच्या खोडाला सहज मुळ्या फुटतात, मिरचीच्या तितक्या नाहीत. ओल्या माध्यमात खोल गाडले तर कुजण्याचीच भीती जास्त. बीजपत्रांच्या (बीतून आलेल्या पहिल्या दोन पानांच्या) खाली एक सेंमीपर्यंत भर द्या, त्यापेक्षा जास्त नको. बोटभर लांब झालेली सोडून द्या, नवीन पेरा. बी स्वस्त आहे, तुमचा दीड महिना नाही.

डंकावरची_चटणी

संकेश्वरीबद्दल आधी एक सांगा दादा, मिरच्या कुठल्या डब्यातल्या? कांदा-लसूण चटणीसाठी तेलावर परतलेल्या असतील तर त्यांचे बहुतेक बी उगवायचे नाही. नुसत्या उन्हात वाळवलेल्या, याच वर्षीच्या हव्यात. देठासकट, काळा डाग नसलेली मिरची निवडा. डागाळलेल्या मिरचीतून फळकुजीची बुरशी बियांबरोबर येते. बी फिकट पिवळे हवे, तपकिरी झालेले टाकून द्या.

पेरायच्या आधी २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घाला आणि डबा राउटरवर ठेवा. मिरचीला उगवायला २५ ते ३० अंश लागतात, तेवढ्या उबेत ८ ते १२ दिवसांत मोड दिसतो. रात्री २१-२२ पर्यंत उतरणाऱ्या खोलीत आणखी आठवडा जातो, त्यामुळे तुमचे न उगवलेले सगळेच मेले असे धरू नका. २० पैकी १४ च्या वर फुटल्या तर बी चांगले. दहाच फुटल्या तर खळग्यात दोन-दोन घाला.

आणि साध्या वाणाचे बी म्हणजे झाड हुबेहूब आईसारखे येईल असे नाही. मिरचीत परपरागीभवन (दुसऱ्या झाडाचे पराग लागणे) बऱ्यापैकी होते. शेजारच्या वाफ्यात दुसरी मिरची असेल तर मिसळ निघते. तुमच्या संकेश्वरीत एखादे बुटके, आखूड मिरचीचे झाड दिसले तर चकित होऊ नका.

लक्स_आणि_वॅट

कायम घरात ठेवण्याबद्दल: ज्वाला जमेल, संकेश्वरी नको. ती मोठी वाढणारी, वाळवणीची मिरची. २ फुटी कप्प्यात फुलावर येण्याआधीच दिव्याला टेकेल. फळधारणेला रोपाच्या दुप्पट उजेड लागतो, म्हणजे वीजही तेवढी. घरात वारा नसतो म्हणून फूल उमलल्यावर सकाळी १०-११ ला फांदीवर टिचकी मारायची. खोलीचा उकाडा ३५ च्या वर गेला की फुले गळतात.

माझ्या मते मांडणी ही रोपवाटिकाच राहू द्या. मिरच्या गच्चीवर.

रोपवाटिका_हातकणंगले

मग वेळ अशी धरा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पेरा. माध्यम कोकोपीट ३, गांडूळखत १, परलाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे खडे) १. वीट आधी तीन पाण्यांतून पिळून घ्या, त्यात मीठ असते; ६५० ग्रॅमच्या विटेचे ८-९ लिटर होते, दोन ट्रेंना भरपूर. बी अर्धा सेंमी खोल. खऱ्या पानांची दुसरी जोडी आली की १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, पुढे १ ग्रॅम. ४०-४५ दिवसांत चार-पाच खरी पाने येतात, तोवर घटस्थापना जवळ आलेली असते आणि पाऊस उघडीप देऊ लागतो.

दिव्याखालची पाने थेट उन्हात पांढरी पडून करपतात. पहिल्या दिवशी सकाळचे एक तास, मग रोज तासभर वाढवत आठवड्याने पूर्ण ऊन. ज्वालाला १२ इंची कुंडी, संकेश्वरीला १६ इंची. गच्चीवर गेल्यावर बोकड्यावर (पाने आकसून वळण्यावर) लक्ष ठेवा: पाने वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी (रस शोषणारी अगदी बारीक कीड, जाळे विणणारा घरातला कोळी नव्हे). फुलकिड्यांना निंबोळी तेल लिटरला ५ मिली, साबणाच्या पाण्यात फेटून; कोळ्याला पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम. दोन्ही संध्याकाळी, आणि दोन्हींत किमान दोन आठवड्यांचे अंतर, नाहीतर पाने भाजतात.

गच्चीकरवीर

मिरच्या चटणीच्याच डब्यातल्या होत्या, परतलेल्या. न परतलेल्या मावशींकडून मागवतो. परलाइट कुठल्या कृषी सेवा केंद्रात सुटे मिळते का? मोठे पोते नको आहे.

डंकावरची_चटणी

सुटे नाही मिळाले तर धुतलेली जाड वाळू घाला, चाळणीवर राहणारी. ट्रे जड होतो एवढेच, त्यामुळे वजनाचा अंदाज पहिल्या दिवशी नव्याने घ्या.