नगरपालिकांचा सामाईक विमा निधी: आधार की पुढच्या करदात्यांच्या नावावरची उधारी?

धागाकर्ता:
नगरपालिका, परगणे आणि शाळा-मंडळे यांनी विमा कंपनीच्या दारात न जाता आपसांत वर्गणी काढून निधी उभारावा आणि एकमेकांचे दावे त्यातून भागवावेत, ही पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झाली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर झपाट्याने पसरली. तिच्यामागे आदर्शवाद नव्हता, नाइलाज होता. त्या काळात दायित्व विम्याचे (आपल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास द्यावी लागणारी भरपाई भागवणाऱ्या विम्याचे) हप्ते अचानक कैक पटींनी वाढले, काही पॉलिसी मुदतीच्या मध्येच रद्द झाल्या आणि पैसे मोजण्याची तयारी असूनही अनेक गावांना विमा मिळेनासा झाला. तोट्यात जाणारा धंदा कंपनी सोडू शकते. नगरपालिकेला मात्र पोलीस, पदपथ आणि अग्निशमन सोडता येत नाही.

दाव्यातली पहिली ठरावीक रक्कम संबंधित पालिका स्वतः सोसते, त्यावरचा थर निधी उचलतो आणि त्याहून मोठे नुकसान पुनर्विम्यावर, म्हणजे निधीने स्वतःसाठी दुसरीकडे उतरवलेल्या विम्यावर, जाते. वर्गणी ठरवताना पगारपत्रकाचा आकार, मालमत्ता आणि मागील दावे पाहिले जातात. पण माझ्या मते खरा फायदा या हिशेबाबाहेरचा आहे. झाडाच्या मुळाने पदपथाची फरशी बोटभर उचलली, की त्या कडेला अडखळून कोणीतरी पडणार हे निधीच्या निरीक्षकाला अनुभवाने ठाऊक असते. तो कडेची उंची मोजतो, रंगाची खूण करतो आणि ती कड घासून सपाट होईपर्यंत पालिकेच्या मागे लागतो. सभासदाचा दावा म्हणजे आपल्याच खिशाला भोक, ही जाणीव असल्याशिवाय इतकी चिकाटी येत नाही.

खतावणी:
फरशीचा दावा सोपा असतो. माणूस आज पडतो आणि दोन-चार वर्षांत निकाल लागतो. जे दावे तीस-चाळीस वर्षांनी येतात त्यांचे काय? ब्रिटनमधल्या स्थानिक संस्थांनी १९०३ मध्ये म्युनिसिपल म्युच्युअल ही विमा संस्था स्थापन केली. बहुसंख्य पालिका तिच्याकडेच विमा उतरवत. १९९२ मध्ये ती डबघाईला आली आणि तिने नवे काम बंद केले. गंगाजळी कमी पडल्यास पालिकांना दिलेल्या भरपाईचा काही भाग परत घेता येईल, असा करार मग झाला. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारे आजार आणि बालकांवरील जुन्या अत्याचारांचे दावे येतच राहिले, २०१२ मध्ये तो करार लागू झाला, आणि पालिकांकडून आधी १५ टक्के व पुढे एकूण २५ टक्के वसुली झाली. ज्यांच्या काळात चूक घडली त्यांनी स्वस्त हप्ता भरला, आणि बिल मात्र त्यांच्या नातवंडांच्या हाती आले.

धागाकर्ता:
उदाहरण खरे आहे, पण ती विमा कंपनीच होती, मालकी फक्त सभासदांची होती. मी ज्या निधीविषयी लिहितो आहे त्यात दरवर्षी अ‍ॅक्च्युअरीकडून (विम्याची जोखीम मोजणाऱ्या गणितज्ञाकडून) प्रलंबित आणि अजून न आलेल्या दाव्यांचा अंदाज घेऊनच वर्गणी ठरते.

खतावणी:
मग निखळ निधीचेच उदाहरण घ्या. न्यूझीलंडच्या परिषदांनी (तिथल्या नगरपालिकांनी) १९९७ मध्ये ‘रिस्कपूल’ उभा केला. पुढे पाणी झिरपणाऱ्या इमारतींचे प्रकरण उघडकीस आले आणि बांधकाम परवाने देणाऱ्या परिषदांवर दाव्यांची रांग लागली. निधीने पाणी झिरपण्याचे दावे संरक्षणातून वगळले. पण एकाच इमारतीत पाण्याबरोबर इतर दोषही असतील तर काय, हा प्रश्न नेपियर शहराच्या परिषदेने न्यायालयात नेला. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने इतर दोषांपुरते संरक्षण लागू होते असा निकाल दिला, आणि निधीला त्या जुन्या वर्षांत सभासद असलेल्या परिषदांकडे वाढीव वर्गणी मागावी लागली. जिंकणाऱ्या परिषदेचे पैसेही अखेर शेजाऱ्यांच्या खिशातूनच यायचे होते. अ‍ॅक्च्युअरीचा अंदाज कराराच्या एका कलमाच्या अर्थावर उभा असतो, आणि तो अर्थ न्यायालय वीस वर्षांनी सांगते.

वाटसरू:
दोघेही पैशांपुरतेच बोलत आहात. कॅलिफोर्नियातल्या मेवूड या छोट्या शहराचे संरक्षण २०१० मध्ये त्याच्या सामाईक निधीने काढून घेतले. त्यानंतर शहराने आपले पोलीस दल बरखास्त केले, कर्मचाऱ्यांना घरी पाठवले आणि पोलिसांचे काम परगण्याच्या शेरीफकडे सोपवले. पोलिसांविरुद्धच्या दाव्यांचा इतिहास पाहता निर्णय चुकीचा होता असे मी म्हणत नाही. पण पोलीस ठेवावेत की नाही, हा प्रश्न तिथल्या मतदारांपर्यंत पोहोचण्याआधीच निकालात निघाला.

धागाकर्ता:
मेवूडचे उदाहरण मी माझ्याच बाजूने वाचतो. खासगी कंपनीनेही संरक्षण काढलेच असते. निधीच्या संचालक मंडळावर निदान शेजारच्या शहरांचे प्रतिनिधी तरी बसतात. माझी अडचण वेगळीच आहे, आणि ती तुम्ही दोघांनीही मांडली नाही. न्यूझीलंडच्याच परिषदांनी १९९३ मध्ये जमिनीखालच्या जलवाहिन्या आणि गटारांसाठी आपत्ती निधी काढला होता. अशा नुकसानीत केंद्र सरकार ६० टक्के भार उचलते, उरलेल्या ४० टक्क्यांसाठी हा निधी होता. २०१० आणि २०११ च्या क्राइस्टचर्च भूकंपांनी तो रिकामा केला. फरशीवर पडणारी माणसे एकाच दिवशी सगळ्या गावांत पडत नाहीत; भूकंपात मात्र सगळ्या नळांना एकाच रात्री तडे जातात. अशा जोखमीसाठी देशाबाहेरचा पुनर्विमा नसेल, तर निधी म्हणजे एकाच बोटीतल्या लोकांनी एकमेकांना दिलेला हात.

खतावणी:
इथवर सहमत. माझी मागणी निधी मोडण्याची नाहीच. सभासदत्व सोडल्यानंतरही जुन्या वर्षांची जबाबदारी मानेवर राहते, हे ठराव मंजूर करणाऱ्या सभागृहाला त्याच बैठकीत आकड्यासह सांगा, एवढेच म्हणणे आहे. अमेरिकेत १९८९ च्या सरकारी लेखामानक क्रमांक १० नुसार वाढीव वर्गणी संभाव्य असेल आणि तिचा अंदाज बांधता येत असेल, तर ती ताळेबंदात दाखवावी लागते. अंदाजच येत नसेल, तर ती शेवटच्या पानांवरच्या टिपांत जाते. मी बरीच वर्षे त्या टिपा लिहिल्या आहेत. त्यांवर एकाही नगरसेवकाने मला कधी प्रश्न विचारलेला नाही.