पांढरा गी म्हणजे संस्कार आणि रंगीत गी म्हणजे धंदा? मला हे अजिबात पटत नाही

ठाणेकरीण:

आमच्या भागातल्या एका कराटे क्लासची पोस्ट या आठवड्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर फिरून माझ्यापर्यंत आली. मजकूर थोडक्यात असा: पांढरा गी, म्हणजे सरावाचा गणवेश, ही हजारो वर्षांची परंपरा, पांढरा म्हणजे मनाची शुद्धता, सामुराई मरणाची तयारी म्हणून पांढरं घालत, आणि काळे-निळे गी घालणारे क्लास म्हणजे संस्कार सोडून चालवलेला धंदा. खाली नमस्कारांची रांग. एकानेही विचारलं नाही की बाबांनो, हे कुठून आणलंत?

हजारो वर्षं कुठली? ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी आपली शाळा, कोदोकान, काढली १८८२ साली. सुरुवातीच्या ज्युदो खेळाडूंच्या बाह्या आखूड आणि विजार गुडघ्याशी संपणारी असायची. आजच्यासारखा अंगभर ड्रेस १९०७ च्या आसपास रुळला. जाड सुती कापड, रंगवलेलं नाही, म्हणून पांढरट. कराटे जिथे जन्मलं त्या जपानच्या ओकिनावा बेटावर तर त्याला गणवेशच नव्हता. उकाड्यात अंगावर जेमतेम लंगोट ठेवून माणसं सराव करत. तिथले कराटे शिक्षक गिचिन फुनाकोशी १९२२ साली टोकियोत प्रात्यक्षिक द्यायला आले, त्यानंतर ज्युदोचा ड्रेस पाहून कराटेने आपला बेतला. त्यांनी पहिले ब्लॅक बेल्ट दिले १९२४ साली. शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशेब आहे सगळा. आणि जपानचाच केंडो, म्हणजे तलवारबाजीचा खेळ, बघा, बहुतेक जण नखशिखांत गडद निळ्यात. त्यांचं मन अशुद्ध समजायचं का?

तरीही मी गप्प बसले असते. पण पोस्टच्या शेवटी सूचना होती: "मुलींनीही पांढरीच पँट घालावी, आतून काळी स्लॅक्स दिसल्यास वर्गात बसवले जाणार नाही."

मी कॉलेजात ज्युदो खेळले, आता संध्याकाळच्या मुलींच्या बॅचला मदत करते. पाळीच्या दिवसांत बारा-तेरा वर्षांची पोर काय करते ते मला रोज दिसतं. जॅकेट ओढून ओढून खाली घेते. जोडीने सराव करताना मागे भिंत बघून उभी राहते. रँडोरीत, म्हणजे सरावाच्या मोकळ्या लढतीत, पाय उचलायची वेळ आली की हातच सोडून देते. मैत्रिणीला डोळ्यांनी विचारते, "मागे काही आहे का?" जिल्हा स्पर्धेत एका मुलीने पहिली फाइट जिंकली आणि दुसरीला "पोट दुखतंय सर" म्हणून बसली. पोट दुखत नव्हतं. तिच्या बॅगेत दुसरी पांढरी पँट नव्हती.

हे संस्कार? रंगाचा अर्थ माणसांनी ठरवलाय, तो माणसांनी बदलायला हरकत नाही.

सेन्सेई_सातारा:

ताई, तुमचा इतिहास बरोबर असेल. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण पंचवीस-तीस मुलं एका हॉलमध्ये उभी करून बघा, मग बोला. माझ्याकडे बिल्डरचा मुलगा येतो आणि भाजीवाल्या मावशींचाही येतो. पांढऱ्यात दोघं सारखे दिसतात. रंगाची मोकळीक दिली की तिसऱ्या दिवशी एक ड्रॅगन छापलेला काळा गी घालून येतो आणि दुसरा घरी जाऊन रडतो. हे मी पाहिलंय. दुसरं म्हणजे पांढऱ्यावर रक्त, घाम, मळ लगेच दिसतो, म्हणून पोरं ड्रेस धुतात. काळ्या गीचा वास हॉलभर येईपर्यंत कुणी धूत नाही. परंपरा शंभर वर्षांची असली म्हणून ती काय टाकाऊ झाली? शंभर वर्षं कमी वाटतात तुम्हाला?

बीजेजे_बंगळूर:

सर, ब्राझिलियन जुजुत्सूच्या (बीजेजे, ज्युदोतूनच निघालेला खेळ) मुख्य स्पर्धांत पांढरा, निळा आणि काळा असे तीन रंग चालतात. मी मूळचा सांगलीचा, इथे सहा रंगांचे लोक एका मॅटवर बघितलेत आणि कुणाची शिस्त बिघडलेली नाही. वासाचं म्हणाल तर तो न धुण्याचा असतो, रंगाचा नसतो.

आणि ज्युदोतच निळा आला तेव्हा किती आरडाओरडा झाला होता! अँटन गीसिंक, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या घरात जाऊन खुल्या गटाचं सुवर्ण जिंकलेला डच माणूस, त्याने १९८६ साली निळ्याचा प्रस्ताव मांडला. कारण साधं होतं: दोन पांढरे एकमेकांत गुंतले की कुणी कुणाला फेकलं ते टीव्हीवर कळत नाही, पंचांचाही घोळ होतो. जपानने कडाडून विरोध केला. १९९७ साली मंजूर झालं, सिडनी २००० पासून ऑलिंपिकमध्ये आहे. ज्युदो संपला का?

सेन्सेई_सातारा:

जपानने तो मनापासून स्वीकारला का, ते पण सांगा. त्यांच्या ऑल जपान चॅम्पियनशिपला आजही दोघं पांढऱ्यातच उतरतात, ओळखायला कमरेला लाल आणि पांढरी पट्टी. आणि निळ्याने झालं काय? खेळाडूला दोन ड्रेस घ्यावे लागले. आंतरराष्ट्रीय मान्यतेचा एक गी पाच आकड्यांत जातो. साताऱ्यातली मुलगी तो कुठून आणणार? टीव्हीची सोय झाली, गरिबाच्या पोरीची गैरसोय झाली.

तांबडी_माती:

तुम्ही सगळे जपानचं काय घेऊन बसलात? आमच्या तालमीत लंगोट आणि तांबडी माती, शुद्धतेचं भाषण द्यायला कुणी येत नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्य आणलं, तेही मॅटवर. आज मॅटच्या कुस्तीत लाल-निळा कॉस्च्युम घालतात, तेव्हा मातीतले वस्तादही असेच चिडले होते. तरी पोरं खेळतायत. कोल्हापुरात मर्दानी खेळाची पोरं दांडपट्टा फिरवतात, त्यांच्या फेट्यावर चर्चेचा एक धागा निघत नाही. कराटेच्या पांढऱ्या पँटवर मात्र शंभर प्रतिसाद.

नाशिकचा_बाप:

रंगाचाच विषय निघालाय तर बेल्टच्या रंगाबद्दल बोला की! गी पांढरा असो नाहीतर जांभळा, पालकाचा खिसा कापतो तो बेल्ट. माझ्या मुलीला दर तीन महिन्यांनी एक्झाम. व्हाइटनंतर यलो, मग ऑरेंज, मग ग्रीन, मध्ये अर्धी पट्टी असलेले बेल्ट वेगळे. प्रत्येक वेळी एक्झाम फी, बेल्टची फी, सर्टिफिकेटची फी, आणि "बाहेरून मोठे सर आलेत" म्हणून त्यांची वेगळी. नापास कुणीच होत नाही. माझी मुलगी एकदा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, अर्धी विसरली, मध्येच थांबली, सर्वांसमोर रडली, आणि तरीही पास! ती घरी आल्यावर मला म्हणाली, "बाबा, मला हा बेल्ट नको." यावर तुम्ही पांढऱ्याच्या पावित्र्याबद्दल बोलताय?

सेन्सेई_सातारा:

दादा, थोडं जपून बोला. सगळ्यांना एका तागडीत तोलू नका. माझी महिन्याची फी सहाशे रुपये आहे. त्यातून हॉलचं भाडं, मॅट, लाइट बिल. त्याच मुलाच्या गणिताच्या क्लासला तुम्ही वर्षाचे साठ हजार एकरकमी भरता, तिथे विचारता का नापास कोण होतं? कराटेवाला दोनशे रुपये जास्त मागितले की चोर. मी मुलांना नापास केलंय. नापास केलेल्याचा बाप दुसऱ्या दिवशी मुलाला समोरच्या क्लासला घालतो, हे पण लिहा.

पुण्याची_ब्राउनबेल्ट:

दोघांचंही खरं आहे, म्हणूनच वाईट वाटतं. पण हे रंगीत बेल्ट म्हणजे प्राचीन काही नव्हे. कानोंच्या काळी पांढरा, वरच्या दर्जांना काळा, एवढाच मुख्य मामला होता. मधल्या रंगांची शिडी युरोपात रुजली ती १९३० च्या दशकात, मिकोनोसुके कावाइशी पॅरिसमध्ये ज्युदो शिकवायचे तेव्हा. तिकडच्या शिकणाऱ्यांना वर्षानुवर्षं पांढऱ्यावर थांबवणं कठीण होतं. त्यात काही पाप नाही. मीही ग्रीन बेल्टच्या आशेवर सकाळी पाचला उठले आहे. पाप आहे ते पट्ट्या वाढवून पैसे काढण्यात. आणि ती "बेल्ट कधीच धुवायचा नाही, मळून मळून तो काळा होतो" ही गोष्ट मुलांना सांगणं बंद करा. माझ्या धाकट्या भावाने ती खरी मानून बेल्टला वर्षभर पाणी लावलं नाही, शेवटी आईने तो गच्चीवर नेऊन ठेवला.

नाशिकचा_बाप:

सेन्सेई, तुम्ही नापास करत असाल तर तुमच्या क्लासला पोरीला घातलं असतं. पण तुम्ही साताऱ्यात आहात. इथल्यांचं काय करू? दहावीला खेळाचे वाढीव गुण आणि नोकरीतला पाच टक्के खेळाडू कोटा दाखवून आमच्याकडून सर्टिफिकेटचे पैसे घेतात. क्लासची बेल्ट एक्झाम त्यासाठी धरत नाहीत, मान्यताप्राप्त स्पर्धेतली कामगिरी लागते, हे कुणी सांगत नाही.

आकडेवारी_अंधेरी:

जरा मूळ विषयावर. रंगाने निकालावर परिणाम होतो का, यावर संशोधन झालंय. अथेन्स २००४ च्या बॉक्सिंग, तायक्वांदो आणि कुस्तीच्या लढतींत लाल रंगवाले सुमारे ५५ टक्के वेळा जिंकले, असा निष्कर्ष २००५ साली आला. पाठोपाठ ज्युदोत निळ्याला फायदा मिळतो असंही कुणी मांडलं. २००८ च्या अभ्यासाने ते खोडलं: मानांकन आणि दोन लढतींमधली विश्रांती हिशेबात घेतली की निळ्याचा फायदा उरत नाही. म्हणजे ज्युदोत निळ्या गीत जादू नाही, आणि पांढऱ्या गीत शुद्धता असल्याचाही कुठला पुरावा मी पाहिलेला नाही.

ठाणेकरीण:

बेल्टच्या फीवर वेगळा धागा काढा, मी स्वतः येऊन लिहीन. पण इथे एवढे प्रतिसाद आले आणि मुलींच्या पँटबद्दल एक अक्षर नाही. बिल्डरचा मुलगा आला, खाशाबा आले, गणिताचा क्लास आला. ती पोर भिंतीला पाठ लावून अजून तिथेच उभी आहे.

जागतिक तायक्वांदो संघटनेने २०२३ मध्ये स्पर्धेची पांढरी पँट काढून गडद करडी आणली आणि कारण उघड सांगितलं: महिला खेळाडूंची पाळी. पांढऱ्या कपड्यांबद्दल सर्वात हट्टी असलेल्या विम्बल्डननेही त्याच वर्षीपासून मुलींना स्कर्टखाली गडद रंगाची शॉर्ट्स घालू दिली. सेन्सेई, तुमचा समानतेचा मुद्दा मला पटतो. ड्रॅगन छापलेले गी मलाही नकोत. म्हणून सगळ्यांनाच काळी पँट द्या, मुलांनाही. वर पांढरं जॅकेट ठेवा. बिल्डरचा मुलगा आणि भाजीवाल्या मावशींचा मुलगा तेव्हाही सारखेच दिसतील. खर्चही वाढत नाही, पुढच्या वर्षी पोरं उंच होतात तेव्हा नवी पँट घ्यावीच लागते.

सेन्सेई_सातारा:

माझ्या क्लासमध्ये चाळीस टक्के मुली आहेत. एकीनेही आजवर मला असं काही सांगितलं नाही.

पुण्याची_ब्राउनबेल्ट:

सर, रागावू नका, पण कशा सांगतील? मी माझ्या सरांना अकरा वर्षांत कधी सांगितलं नाही, आणि माझे सर अतिशय चांगले होते. मी दोन पँट एकावर एक घालायचे. मे महिन्यातसुद्धा.

सेन्सेई_सातारा:

रात्री बायकोला हा धागा वाचायला दिला. ती माझ्याच क्लासची जुनी विद्यार्थिनी. तिने जे सांगितलं ते इथे लिहिणार नाही. वर्गात आतून काळी स्लॅक्स किंवा काळी पँट, ज्याला हवी त्याने घालावी, मी अडवणार नाही. ग्रेडिंगला, म्हणजे बेल्ट एक्झामला, आणि स्पर्धेला मात्र पांढरा पूर्ण ड्रेस. स्पर्धेचा नियम माझ्या हातात नाही.

ठाणेकरीण:

स्पर्धेचा नियम तुमच्या हातात नाही, मान्य. तिथे आतून शॉर्ट्स आणि बॅगेत दुसरी पँट, एवढं मुलींना आधी बसवून सांगता येतं, आणि ते एखाद्या ताईकडून सांगवलंत तर जास्त बरं. पण ग्रेडिंग तुमच्याच हॉलमध्ये, तुमच्याच सहीने होतं. तारीख तुम्ही ठरवता, मुलीची पाळी तुमची तारीख बघून येत नाही.

सेन्सेई_सातारा:

बरं. पुढच्या ग्रेडिंगच्या सूचनेत काळी पँट चालेल असं टाकतो. मुलं-मुली दोघांनाही. बाकी पांढऱ्याबद्दल माझं मत तुम्ही बदललेलं नाही.

नाशिकचा_बाप:

सेन्सेई, त्याच सूचनेत एक्झामची एकूण फी एका आकड्यात लिहाल का? आमच्या इथल्या सरांना दाखवायला हवी आहे.