चहासाठी ताजमध्ये जाणं: उधळपट्टी की हौस?

निशिगंध

गेल्या महिन्यात आईला सत्तर पूर्ण झाली. "पार्टी नको, साडी नको, सोन्याचं तर नावही काढू नकोस," असं तिनं आधीच बजावून ठेवलं होतं. म्हणून मी तिला मुंबईच्या ताज महाल पॅलेसमध्ये, सी लाउंजला दुपारच्या चहाला घेऊन गेले. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तर मामेभावानं लिहिलं, "एका चहाला एवढे पैसे? त्यात अख्ख्या चाळीला महिनाभर चहा पाजला असता." लगेच दहा-बारा जणांचे अंगठे. मला ते फार लागलं. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. तुमचं मत वेगळं असेल तर मोकळेपणानं मांडा.

माझी आई चौतीस वर्षं डोंबिवलीहून लोकलनं फोर्टातल्या कचेरीत गेली. सुट्टीत आम्हा भावंडांना गेटवेला न्यायची. तिथल्या कठड्यावर बसून आम्ही शेंगदाणे खायचो आणि समोरच्या घुमटाकडे बघायचो. त्या दाराच्या आत ती कधी गेली नव्हती. आता गेली आणि पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून तिला तोच कठडा वरून दिसला. बराच वेळ ती काही बोललीच नाही.

तिथलं एक दृश्य सांगते. वेटरनं कपावर गाळणं धरलं आणि किटली उचलली. त्याबरोबर आईचा हात आपसूक पुढे गेला, किटली घ्यायला. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं तो हात मांडीवर ठेवला. तोवर ती खुर्चीच्या टोकाशी बसली होती. दुसरा कप आला तेव्हा मागे टेकली. घरी ती आयुष्यभर ओट्याशी उभी राहून चहा प्यायली आहे, तोही सगळ्यांचा झाल्यावर उरलेला. त्या दिवशी दोन तास बसून प्यायली, आणि एकदाही उठली नाही.

माझं म्हणणं असं की ते पैसे चहाचे नव्हतेच. ते त्या दोन तासांचे होते आणि मला ते जराही जास्त वाटले नाहीत.

गिरगावची_माती

निशिगंध, आईंना सत्तरीच्या शुभेच्छा. तुमची भावना कळते, पण तुमच्या भावाचं अगदीच चुकलं असं मला वाटत नाही.

निवांत बसायला ताजच कशाला हवं? ताज १९०३ चं आणि धोबीतलावचं इराणी हॉटेल कयानी १९०४ चं. दोघांचं वय जवळपास एकच. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून मस्का (कडक पावाला लोणी) आणि पाणी कम, म्हणजे कमी पाण्याचा कडक चहा. माझ्या वडिलांनी मला तिथे नेलं, मी माझ्या मुलांना नेतो. मुंबईत नोकरदार, विद्यार्थी, हमाल, वकील अशा सगळ्यांना एका छताखाली टेबलखुर्चीवर बसवून चहा कुणी पाजला असेल, तर तो इराण्यानं. कपडे बघून कुणी आत घेतलं नाही की बाहेर काढलं नाही. आणि हे इराणी आता एकेक करून बंद होताहेत. आपण हौसेचे पैसे मोठ्या हॉटेलात देणार आणि इराणी बंद पडला की हळहळणार, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कोराचहा

माझा विरोध वेगळ्याच कारणासाठी आहे: या चहात चहाच नसतो!

मी पाच-सहा मोठ्या हॉटेलांत हा प्रकार घेतला आहे. केक उत्तम, सँडविच बरे, पेस्ट्र्यांचं काय कौतुक सांगावं. चहाची मात्र दैना. एका शहरातल्या नावाजलेल्या हॉटेलात (नाव घेत नाही) दार्जिलिंग मागवला तर चांदीच्या किटलीत कागदी पुडी लोंबत होती, दोरीसकट. पाणीही कोमट. पुडी काढायला कुणी आलं नाही, म्हणून दुसरा कप कडू जहर.

दार्जिलिंगची पानं उकळायची नसतात. पाण्याला उकळी आली की क्षणभर थांबायचं, पानांवर ओतायचं, झाकायचं आणि तीनेक मिनिटांत गाळून घ्यायचं. फर्स्ट फ्लशचा, म्हणजे वसंतातल्या पहिल्या खुडणीचा रंग फिका, जवळजवळ पिवळसर आणि वास हिरव्या पालवीसारखा. जूनच्या आसपासच्या सेकंड फ्लशला, म्हणजे दुसऱ्या खुडणीला द्राक्षांसारखा गंध येतो. त्यात दूध घालणं म्हणजे हापूसवर मीठ पेरण्यासारखं. आसामचा दाणेदार सीटीसी मात्र दुधासाठीच आहे, तो आल्याबरोबर खुशाल उकळा. एवढा साधा फरक ज्या स्वयंपाकघराला कळत नाही, त्यानं हजारो रुपये घेऊ नयेत. निशिगंध, तुम्हाला किटलीत पानं मिळाली की पुडी?

निशिगंध

कोराचहा, पानं होती, म्हणून तर गाळणं. आईनं मात्र आपला मसाला चहाच मागवला. बटाटेवड्याबरोबर फिका चहा जाईना म्हणाली. मी दार्जिलिंग घेतला, तिनं एक घोट घेऊन बघितला आणि "औषधाचा काढा बरा" म्हणत कप माझ्याकडे सरकवला.

वसुधा_लंडन

मी तेवीस वर्षं इकडे आहे, म्हणून थोडं मुळाकडून सांगते. भारतातली हॉटेलं याला 'हाय टी' म्हणतात. इंग्लंडमध्ये 'हाय टी' म्हणजे गिरणी-कारखान्यातून दमून आलेल्या कामगाराचं संध्याकाळचं जेवण. उंच जेवणाच्या टेबलावर मांस, पाव, बटाटे आणि सोबत कडक चहा. तीन मजली तबकातला नाजूक प्रकार म्हणजे 'आफ्टरनून टी'. तो बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी १८४० च्या सुमारास रूढ केला असं मानतात. दुपारचं जेवण लवकर, रात्रीचं आठाच्या पुढे, मधे पोटात कावळे. म्हणून त्या खोलीत चहा आणि लोणी-पाव मागवू लागल्या, मग मैत्रिणींना बोलावू लागल्या. चारच्या चहाबरोबर आपल्याकडे चिवडा-लाडू येतो, त्यामागेही तीच भूक.

खायचं खालून वर: आधी काकडी-अंड्याचे सँडविच, मग स्कोन (छोटा, भुसभुशीत भाजलेला गोल पाव), शेवटी केक. स्कोनवर डेव्हन परगण्याची माणसं आधी क्लॉटेड क्रीम लावतात आणि वर जॅम, शेजारच्या कॉर्नवॉलची आधी जॅम. दोन्हीकडचे लोक यावरून हिरिरीनं भांडतात. माझी आई इथे आली होती तेव्हा तिनं ते क्रीम बोटावर घेतलं आणि म्हणाली, "अगं, ही तर साय!" खरंच आहे. मलईचं दूध पसरट भांड्यात मंद तापवून, थंड करून वर जमलेला थर काढतात. आईनं मग जॅम बाजूला सारून वर साखर पेरली आणि साय-साखरेसारखं खाल्लं.

पण निशिगंध, इकडच्या प्रसिद्ध हॉटेलांबद्दल माझं मत आता तितकंसं चांगलं नाही. १९०६ साली उघडलेल्या लंडनच्या रिट्झ हॉटेलात पुरुषांना जॅकेट लागतं, जीन्स चालत नाही, आणि चहाच्या पंगती सकाळी साडेअकरापासून बसतात. दुपारचा चहा सकाळी! ठरलेल्या वेळेत उठायचं, कारण पुढची पंगत दाराशी उभी. आपल्याकडच्या मंगल कार्यालयात दुसऱ्या पंगतीचे लोक खुर्चीमागे येऊन उभे राहतात ना, तसं मला तिथे होतं. तुम्हाला दोन तास मिळाले हे भाग्य समजा.

शिवार

सगळे साय-साखरेत रमलेत, म्हणून मला कटू बोलणं भाग आहे.

हा थाट साहेबाचा आहे. आपल्या आजे-पणज्यांच्या घरात चहा नव्हताच. मळे इंग्रजांनी लावले ते निर्यातीसाठी. पुढे हिंदुस्थानात गिऱ्हाईक हवं झालं, तेव्हा १९०३ साली चहावर कर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला. स्टेशनांवर, गिरण्यांमध्ये चहा पाजून सवय लावली. आणि जो पाला खुडतो त्याचं काय? पश्चिम बंगालच्या मळ्यांत २०२३ साली दिवसाची मजुरी २५० रुपये झाली. दार्जिलिंगची उतरणही त्यातच आली. बहुतेक खुडणाऱ्या बायकाच आहेत. दोन पानं आणि एक कळी, दिवसभर, पाठीला टोपली बांधून. निशिगंध, तुमच्या आईंच्या दोन तासांबद्दल मला आदरच आहे. पण त्या टेबलाच्या बिलात त्या बाईची किती दिवसांची मजुरी बसते, याचा हिशोब मनात आल्याशिवाय मला तिथे घोट गिळता येणार नाही.

निशिगंध

शिवार, मजुरीबद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तो हिशोब टपरीवरच्या कटिंगलाही लागू होतो. तिथली पूडही कुणीतरी खुडलेलीच असते. स्वस्त चहा प्यायला म्हणून आपण त्यातून सुटत नाही.

'साहेबाचा थाट' हे मात्र मला पटत नाही. ताज जमशेटजी टाटांनी बांधलं, आणि त्याचा आराखडा करणाऱ्यांत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? गेटवे पुरा झाला १९२४ साली, हॉटेल त्याच्या एकवीस वर्षं आधीचं. २००८ च्या हल्ल्यात त्या इमारतीतून धूर निघताना आई टीव्हीसमोर रात्रभर बसली होती. जिथे ती कधी गेली नव्हती, त्या जागेसाठी रडली. ती जागा परकी असती तर रडली असती का?

तीन_पाळ्या

मी अकरा वर्षं एका मोठ्या हॉटेलात चहाच्या टेबलांवर काम केलं आहे (ताज नव्हे). दुसऱ्या बाजूनं कसं दिसतं ते सांगतो.

चारच्या चहाची तयारी सकाळी सुरू होते. चांदीची भांडी पुसायची, बोटाचा एक ठसा राहिला तरी परत. सँडविचच्या कडा कापून वर ओलसर पंचा टाकायचा, नाहीतर पाव तासाभरात कोरडा पडतो. काकडीला पाणी सुटू नये म्हणून आधी मीठ लावून टिपायची. मग उभं राहायचं. पायातल्या शिरा फुगतात, ते या धंद्यातलं कायमचं दुखणं.

गिरगावची_माती, तुम्हाला वाटतं तिथे फक्त श्रीमंत येतात. माझ्या टेबलांवर निम्मी माणसं आयुष्यात एकदाच आलेली असायची. पहिल्या पगारात आईबापांना घेऊन आलेली मुलगी, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस करणारं जोडपं. ती माणसं लगेच ओळखू येतात. पिशवी टेबलाखाली पायाशी धरून बसतात, आणि कप ठेवला की हात जोडून "थँक्यू" म्हणतात. त्यांना वाढताना आम्हाला बरं वाटायचं. स्कोन गरम आणून द्यायचो, न मागता. त्रास व्हायचा तो ताटं भरभरून घेऊन तशीच टाकणाऱ्यांचा. तो केक पहाटे पाचला उठलेल्या पोरानं केलेला असतो.

निशिगंध, तुमच्या आईंनी किटलीकडे हात नेला ते त्या वेटरनं नक्की पाहिलं असणार. असे हात आम्ही पाहायचो.

आजोळ

सगळं वाचलं, तरी एक प्रश्न राहतोच. हे घरी का नाही? माझी आई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला होती. रोज चारला मी चहा करून तिला उशीला टेकवून बसवायचो आणि बशीत ओतून पाजायचो. खर्च शून्य. तिनं आयुष्यभर केलं तेवढं मी दोन वर्षं केलं, याचं मला आज समाधान आहे. एका दिवसाच्या हॉटेलापेक्षा रोजचा एक कप मोठा, असं मी म्हणेन.

निशिगंध

आजोळ, तुम्ही जे केलंत त्याच्यापुढे माझ्याजवळ बोलायला काही नाही.

पण माझी आई अजून हिंडती-फिरती आहे, आणि घरी तिला बसवणं मला जमलेलं नाही. मी चहा केला तर ती मागे उभी राहून "साखर कमी टाक, गॅस बारीक कर" करते. कप हातात दिला तर पिता पिता उभ्यानं पातेलं विसळते. परवा गेले तर पुन्हा ओट्याशीच उभी होती. त्या घरात तिला कामच दिसतं. जिथे विसळायला पातेलंच नाही, अशी जागा मला शोधावी लागली.

गिरगावची_माती

पातेल्याचा मुद्दा मला सुचला नव्हता. तरी पुढच्या वेळी आईंना कयानीत न्याच. तिथेही पातेलं दिसत नाही.

पंचगंगा

मी कोल्हापूरची. हा धागा वाचून आईला न्यायचं ठरवलं आहे. दोन शंका आहेत. आईचे गुडघे दुखतात, जिना चढावा लागेल का? आणि ती नऊवारीच नेसते, सुती. तिथे ते चालेल ना? तिला कुणी बघत राहिलं तर ती घासही घेणार नाही.

निशिगंध

लिफ्ट आहे, जिन्याची चिंता नको. फोन करून टेबल आधी सांगून ठेवा आणि खिडकीपाशीच द्या म्हणून मागा. माझी आई रोजच्या सुती साडीत होती. नऊवारीतच आणा त्यांना.