कमी तेलातला पातळ पोह्यांचा चिवडा नरम का पडतो?

प्रश्न: मुलांना शाळेतून आल्यावर बिस्किटांऐवजी घरचे काही मिळावे म्हणून मी अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा केवळ 4 मोठे चमचे तेलात करते, परंतु तो दुसऱ्याच दिवशी नरम पडतो. तेल वाढवण्याची माझी इच्छा नाही. काय चुकत असावे?

उत्तर 1: दोष तेलाचा नसून ओलाव्याचा असावा. पोहे मंद आचेवर, चिमटीत धरताच चुरा होईपर्यंत भाजावेत. आच मोठी झाली की ते आक्रसतात. फोडणीतला कढीपत्ता आणि मिरच्या पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत परताव्यात, कारण त्यांच्यात राहिलेले पाणीच पुढे पोह्यांत उतरते.

उत्तर 2: सहमत आहे. चिवडा कोमट असताना डबा बंद केल्यास वाफ आत कोंडते, हेही कारण असू शकेल. पिठीसाखर मी निवल्यावरच मिसळते. शेंगदाणे व डाळे सढळ हाताने घालावेत, म्हणजे पोटभरीचे होते. सुक्या खोबऱ्याचे काप मात्र बेतानेच, कारण आमच्याकडे मुले तेवढेच वेचून खातात.

प्रश्नकर्ती: मिरच्या मी खरोखरच अर्धवट परतत होते. रविवारी पुन्हा करून पाहीन.