पीओपी बंद करायच्या आधी: एलईडी पट्टीचा सप्लाय कुठे बसवायचा?

*बी-३०४:* नमस्कार. हॉलच्या फॉल्स सीलिंगला कडेने एलईडी पट्टी लावतोय. एकूण १५ मीटर, १२ व्होल्टची. वायरमन म्हणतात, २०० वॉटचा एकच सप्लाय (घरच्या २३० व्होल्टचे पट्टीसाठी १२ करणारा डबा) छतात ठेवतो आणि उद्या पीओपी बंद करतो. कुणी असं काम करून घेतलंय का? काही बघायचं असेल तर आजच सांगा. फोटो टाकलाय.

*सी-७०१:* ताई, उद्याचं पीओपी थांबवा. बाकीचं सावकाश बोलू, पण सप्लाय आत ठेवून छत बंद करू नका.

*बी-३०४:* काका, एवढं गंभीर आहे का? ते म्हणाले, सगळे असंच करतात.

*सी-७०१:* करतात, म्हणून तर काळजी वाटते. पॅनेलच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. जळालेले सप्लाय उघडून बघितलेत, त्यातले बहुतेक कोंडलेल्या जागेतून काढलेले होते. तुमच्या फोटोत सप्लायच्या जाळीवरच जादा वायरचं वेटोळं ठेवलेलं दिसतंय आणि शेजारी लाकडाचा भुसा पडलाय. ती जाळी सप्लायची हवा आत-बाहेर व्हायची वाट आहे. आधी ते वेटोळं उचला आणि भुसा झाडून घ्या.

आता वॉटचा हिशेब. पट्टीच्या रिळावर मीटरला किती वॉट लिहिलंय?

*बी-३०४:* १४.४

*सी-७०१:* म्हणजे १५ मीटरला २१६ वॉट. सप्लाय २०० चा. पहिल्या दिवसापासून त्याच्यावर क्षमतेपेक्षा जास्त भार. सप्लाय त्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच वापरावा, म्हणजे २१६ साठी किमान २७० हवा. बाजारात त्यापुढचा ३०० चा मिळतो. पण मी एक मोठा घेणार नाही. ५ मीटरचे तीन भाग करा आणि प्रत्येकाला १०० वॉटचा वेगळा सप्लाय द्या. एका भागाला ७२ वॉट, म्हणजे ६ अँपिअर. एक बिघडला तरी बाकीचे दोन चालू राहतील.

*ए-१०२:* काका, तीन रिळं एकापुढे एक जोडली तर चालत नाही का? आमच्याकडे तसंच आहे. शेवटची पट्टी पिवळट आणि मंद दिसते.

*सी-७०१:* चालत नाही. पट्टीतला तांब्याचा पत्रा अगदी पातळ असतो. १५ मीटर सलग जोडलं की सगळा करंट, म्हणजे १८ अँपिअर, पहिल्या तुकड्यातून जायला बघतो. तिथे पट्टी तापते, सोल्डरच्या जागी तपकिरी डाग पडतो, आणि टोकाला व्होल्टेज पोचत नाही म्हणून उजेड मंद. प्रत्येक ५ मीटरला सप्लायपासून वायरची वेगळी जोडी ओढायची.

*डी-२०५:* पण १२ व्होल्टचा शॉक लागत नाही ना? मग एवढं कशाला?

*सी-७०१:* दादा, शॉक लागत नाही हे खरं. पण आग लागायला शॉक लागत नाही, करंट लागतो. १२ व्होल्टच्या बाजूला जोड ढिला राहिला की तिथे उष्णता साठते, प्लास्टिक मऊ होतं. आणि सप्लायची दुसरी बाजू २३० व्होल्टची आहे. जाळीच्या पत्र्याच्या सप्लायला स्क्रूची पट्टी असते ना, तिच्यावर फेज, न्यूट्रल, अर्थ आणि डीसीचे (पट्टीकडे जाणाऱ्या १२ व्होल्टचे) स्क्रू एका ओळीत, बोटभर अंतरावर असतात. त्यावरचं झाकण बरेच जण काढून फेकतात. ते असलंच पाहिजे, आणि सप्लाय लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा हवेशीर पेटीत हवा.

*ए-१०२:* अर्थचं मी सांगते. आमच्या कपाटावरचा सप्लाय पुसताना हाताला झिणझिण्या यायच्या. मला वाटलं ओल असेल. नंतर कळलं की बसवणाऱ्याने हिरवी वायर कापून टेप लावली होती. विचारलं तर म्हणाला, तिच्याशिवायही दिवे लागतात. वर्षभर मी त्याला हात लावत होते, आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

*सी-७०१:* ताई, बरं झालं लिहिलंत. अशा सप्लायमध्ये फिल्टरमुळे थोडा करंट पत्र्यावर येतच असतो, अर्थ असेल तर तो मुकाट जमिनीत जातो. अर्थ नसेल तर तुमच्या हातातून जातो. आणि आतलं इन्सुलेशन फुटलं तर पूर्ण २३० पत्र्यावर. अर्थ सगळ्यात आधी जोडायची, काढताना सगळ्यात शेवटी. वरती ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर फारच चांगलं.

*बी-३०४:* मग छतात ठेवायचं नाही तर कुठे? पडद्याच्या कपाटावर जागा आहे, पण तिथून सगळ्यात लांबची पट्टी ५ मीटरवर सुरू होते.

*सी-७०१:* कपाटाचा माथा उत्तम. फक्त वायर जाड घ्या. ०.७५ चौरस मिलिमीटरची घेतली तर ६ अँपिअरला जाऊन-येऊन १० मीटरमध्ये दीड व्होल्ट वाटेतच जातो. १२ मधला दीड म्हणजे उजेडात फरक दिसणारच. २.५ ची घेतली तर अर्ध्या व्होल्टच्या आत राहतं. पट्टी अजून चिकटवली नसेल आणि बदलून मिळत असेल तर २४ व्होल्टची घ्या. तेवढ्याच वॉटला करंट निम्मा, तापणं कमी, पातळ वायरही पुरते. सप्लायही २४ चाच लागेल, हे विसरू नका.

*डी-२०५:* आमच्या बाल्कनीत पण लावायचीय. तोच सप्लाय चालेल?

*सी-७०१:* नाही. जाळीचा सप्लाय कोरड्या जागेसाठी. पाऊस-शिंतोड्याला आयपी-६७ चा (धूळ-पाणी आत न जाणारा) बंद सप्लाय घ्या, पट्टीही सिलिकॉनच्या आवरणाची. आणि जोड टेपने गुंडाळू नका, टेप उन्हात सुटते.

*बी-३०४:* वायरमन इथेच आहेत, त्यांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणतात, छतात ठेवून छतालाच झाकण ठेवलं तर?

*सी-७०१:* झाकण उघडता येत असेल आणि चारी बाजूंनी हात-दीड हात मोकळी जागा असेल तर चालेल. पण तापमान लक्षात घ्या. आतल्या कपॅसिटरचा (चार्ज साठवणाऱ्या भागाचा) हिशेब असा की १० अंश वाढले की आयुष्य साधारण निम्मं होतं. बंद छतात दुपारी किती तापतं ते तुम्हीच हात घालून बघा. तीन सप्लाय एकमेकांना चिकटवू तर अजिबात नका.

अजून एक. सप्लायच्या बाजूला छोटा ११५/२३० चा खटका असतो, सगळ्यांना नसतो. असेल तर २३० वर आहे ना ते करंट द्यायच्या आधी बघा. ११५ वर राहिला तर पहिल्याच क्षणी फुटतो.

*बी-३०४:* बघितलं. खटका ११५ वरच होता!! लगेच २३० वर केला. पट्टी २४ ची बदलून मिळते का ते दुकानात विचारतेय.

*सी-७०१:* शाब्बास. वायरच्या टोकांना लग (धातूची टोपी) दाबून घ्यायला सांगा, तारा मोकळ्या ठेवू नका. चाचणीला पट्टी रिळावरून पूर्ण सोडूनच लावा, गुंडाळलेली पेटवली की आतल्या आत तापते. एक तासानंतर मेन बंद करून लगेच सप्लायला हाताचा मागचा भाग लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर मला बोलवा. मात्र जोड उघडायचे असतील तर बंद केल्यावर पाच मिनिटं थांबा, आत चार्ज शिल्लक असतो.

*बी-३०४:* रात्री ९:१५ ला लिहितेय. पट्टी २४ ची मिळाली. तीन सप्लाय कपाटावर, मधे वीतभर जागा, अर्थ तिघांना. तासाभराने कोमट आहेत. सगळ्यात लांबच्या टोकाला मीटरवर २३.३ व्होल्ट दाखवतंय.

*सी-७०१:* चांगलं आहे. आता पीओपी करून घ्या.