शब्दचर्चा : वटवट्या म्हणजे नेमका कोण?

प्रश्न : काल सकाळी कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या काठाला एक बारकासा पक्षी दिसला, सोबतचे काका म्हणाले वटवट्या. पुढं बाभळीत हिरवट रंगाचा दुसराच कोणतरी, तो पण वटवट्याच म्हणे. मग हे एका पक्ष्याचं नाव का सगळ्या घराण्याचं?

उत्तर : आडनाव समजा, पुढचं नाव लावल्याशिवाय कळत न्हाई. बडबड-बडबड्या, कटकट-कटकट्या तसा वटवट-वटवट्या. "काय वटवट लावलीयास" म्हणून आज्जी ओरडते ना, तीच वटवट. आणि राखी वटवट्याला हे नाव एकदम बरोबर बसतं बघा, राखाडी पाठ, तांबूस पोट, शेपटी उभी करून उसाच्या बांधावर सारखा बोलत असतो आणि उडाला की कट् कट् असा आवाज पण येतो. साधा वटवट्या मातकट, डोळ्यावर फिकट भुवई, गवतात जास्त. हे दोघं बारा महिने इथलेच.

तुमचा बाभळीतला बहुतेक हिरवट पर्णवटवट्या, थंडीचा पाहुणा. लांब भुवई, पंखावर एक बारीक फिकट पट्टी, पण पिसं झिजली की ती पट्टी दिसतच न्हाई आणि तो एका जागी ठरतोय कुठं, पानापानात किडे शोधत फिरतो म्हणून तर पर्ण. त्यामुळं मी तरी आधी कान देतो, "चिस्-ली" असं दोन तुकड्यात बोलला की झालं. पण याला काही वटवट म्हणता येत न्हाई, एकदा बोलून गप्प बसतो. इथं नाव आडनावावरनं आलंय, स्वभावावरनं न्हाई.

प्रश्न : आणि बोरू वटवट्या? बोरू म्हणजे लिहायचा तोच का?

उत्तर : तोच की! ज्याची लेखणी करायचे तो बोरू, पाणथळीतलं वेत-गवत. पण नावावर जाऊन फक्त लव्हाळ्यात शोधू नका, ब्लिथचा बोरू वटवट्या हिवाळ्यात आपल्याकडं घाणेरीच्या जाळीत, कुंपणात, आंब्याखालच्या झुडपात सापडतो. पंखावर पट्टी न्हाई, भुवई आखूड, चोच लांब, अंग सगळं एकरंगी मातकट. दिसायच्या आधी ऐकू येतो, जीभ टाळूला लावून सोडल्यासारखा "चक्... चक्". एवढा आवाज कानात बसला तर पर्णवटवट्याशी गल्लत होणार न्हाई.